मोरपंखी, ‘ख्रिसमस ट्री’ की सुरू? आधी ओळखा, मग लावा

इंदूर : १४ जुलै २०२४ रोजी इंदूरने रेवती रेंजच्या टेकडीवर एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपं लावली. झाडं लावायची हौस घरोघरीही आहे. पण नर्सरीत सुईसारखी पानं दिसली की सगळ्यालाच ‘पाइन’ म्हणतात आणि घोळ होतो. पानं नीट पाहिली तर ओळख सोपी आहे.

मोरपंखी : पानं बारीक खवल्यांसारखी, डहाळ्या चपट्या आणि उभ्या. शाळेत वहीत ‘विद्या’ म्हणून ठेवायचो तीच. उन्हाळा सोसते, अंगणासाठी उत्तम. छाटताना हिरव्या भागापुरतंच छाटा. जुन्या तपकिरी फांदीला सहसा नवी पालवी फुटत नाही.

ख्रिसमस ट्री (अरौकारिया) : सरळ खोड, फांद्या मजल्यामजल्याने गोलाकार. मूळ दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांचं. कुंडीत छान दिसतं, पण जमिनीत १०० फुटांवर जाऊ शकतं. भिंतीला किंवा विजेच्या तारांना खेटून लावू नका. शेंडा मोडला की डौल जातो.

चीड आणि देवदार : दोन्ही हिमालयातले. चीडच्या लांब सुया तीन-तीनच्या जुडीत, देवदारच्या आखूड सुया गुच्छात. देवदारला थंड हवा लागते. माळव्याच्या उन्हात त्याचा हट्ट नको.

सुरू : कोकण किनाऱ्यावरची सुरूची बनं अनेकांनी पाहिली असतील. हा सूचिपर्णी वृक्ष नाहीच, याला फुलं येतात. ‘सुई’ ओढून बघा, पेराशी तुटते. म्हणजे ती पान नसून बारीक डहाळी आहे.

खोटा अशोक (आसूपालव) : लांबून सुळसुळीत उंच दिसतो, पण पानं रुंद आणि कडा लाटांसारख्या. तोही सूचिपर्णी नाही.

लावायचं कसं?

इंदूरची काळी माती पावसात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. सूचिपर्णी रोपं उन्हापेक्षा मुळाशी साचलेल्या पाण्यानेच जास्त मरतात. म्हणून :

- पाऊस नीट सुरू झाल्यावर लावा.
- दोन फूट खड्डा घ्या. मातीत वाळू किंवा बारीक मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळा.
- रोप थोडं उंचवट्यावर ठेवा, बुंधा मातीत गाडू नका.
- पहिले दोन उन्हाळे पालापाचोळ्याचं आच्छादन द्या; बोटभर माती कोरडी लागली तरच पाणी घाला.

सावली हवी असेल तर सूचिपर्णीच्या मागे न लागता कडुनिंब किंवा बकुळ लावा. जागा लहान असेल तर कुंडीतली मोरपंखी पुरेशी आहे.