ब्रह्मपुरीची टेकडी आणि माळ्यावरचे कागद

ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत आमच्या धर्मग्रामाचा वृत्तांत अन्यत्र आलाच आहे. येथें इतिहासाच्या साधनांविषयीं चार शब्द लिहावे असा आमचा मानस आहे. कारण ही स्मरणिका वाचकांच्या हातीं पडेल त्या दिवशींहि कोणाच्या तरी माळ्यावरचें गांठोडें रद्दींत निघत असेल.

पंचगंगेच्या कांठची ब्रह्मपुरीची टेकडी कोल्हापूरकरांस परकी नाहीं. राजाराम कॉलेजचे प्राध्यापक कुंदणगार यांनीं तेथें खोदकाम केलें, आणि १९४५-४६ मध्यें पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं शास्त्रशुद्ध उत्खनन केलें. सातवाहनकालीन विटांचीं घरें निघालीं. वरच्या थरांत बहामनी काळच्या कांचेच्या बांगड्या. टेकडींतून निघालेल्या कांशाच्या वस्तूंत एक लहानशी मूर्ति आहे, ती पोसायडन नामक ग्रीक समुद्रदेवाची! सह्याद्रीच्या अलीकडे, समुद्रापासून इतक्या दूर, हा देव घाटवाटा चढून आला तो व्यापाऱ्यांच्या ओझ्यांतून. १९४६ मध्यें येथें वस्तुसंग्रहालय स्थापन झालें, आणि ही मूर्ति त्याच्या संग्रहांत आहे. तीच एखाद्या तांबटाच्या मुशींत पडती तर चार पैशांची धातु झाली असती. किंबहुना, ती कोठें व कशासोबत सांपडली हें लिहून न ठेवतां कोणी नुसती उचलून आणिली असती, तरी तिचें अर्धें बोलणें बंदच झालें असतें.

कागदांचीहि हीच गत. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव पायपीट करून जुनीं दप्तरें धुंडाळिलीं, आणि पानिपतच्या काळचीं पत्रें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेच्या पहिल्या खंडांत १८९८ मध्यें छापिलीं. तोंवर तीं कोणाच्या तरी घरीं वाळवीची वाट पाहत होतीं. पुढें ७ जुलै १९१० रोजीं राजवाडे व खंडेराव मेहेंदळे यांनीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. मंडळाची मोठी कामगिरी केवळ कागद जमविण्याची नव्हे. नवा सांपडलेला कागद सभेंत वाचावयाचा, त्यावर इतरांनीं शंका घ्यावयाच्या, मग तो छापावयाचा, ही शिस्त आम्हांस अधिक मोलाची वाटते. राजवाड्यांचा स्वभाव तापट, मंडळाशींहि त्यांचें पुढें पटलें नाहीं. परंतु त्यांच्या मृत्यूनंतर १९२७ मध्यें धुळ्यास त्यांच्या नांवाचें दुसरें मंडळ उभें राहिलें, तेव्हां भांडणानेंहि काम बुडालें नाहीं म्हणावयाचें. आपल्या शहरीं शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरु डॉ. आप्पासाहेब पवार यांनीं ‘ताराबाईकालीन कागदपत्रें’ संपादून करवीरच्या गादीच्या आरंभकाळास वाचा फोडिली.

आमच्या समाजांतूनहि हें काम झालें आहे. येशूसंघीय फादर हेन्री हेरास यांनीं १९२६ मध्यें मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत इतिहास-संशोधनाची संस्था काढिली. ती आज त्यांच्याच नांवानें ओळखिली जाते. पण विद्वानांच्या संस्थेपर्यंत पोहोंचण्यापूर्वींच साधनें नष्ट होतात, आणि तीं बहुधा आपल्या हातूनच. देवळांतील बाप्तिस्म्याची नोंदवही घ्या. तींत बालकाचें नांव, आईबाप, धर्ममातापिता व तारीख एवढेंच असतें; तथापि चार पिढ्यांच्या नोंदी एकापुढें एक लाविल्या म्हणजे कोणतें कुटुंब कोणाचें सोयरें झालें, कोणीं कोणाच्या लेकरास हातीं धरिलें, हें दिसूं लागतें. हें ज्ञान कोणत्याहि सरकारी दप्तरांत मिळावयाचें नाहीं. दमट कपाटांत ती वही सडली तर दुसरी प्रत आणावयाची कोठून?

म्हणून वडीलधाऱ्यांस आमची विनंति. जुनीं पत्रें, फोटो, खरेदीखतें निघालीं तर गांठोडें सोडण्यापूर्वीं कागदांचा क्रम लिहून ठेवावा. फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावूं नये. फोटोंतील माणसें ओळखणारी आजी हयात आहे तोंवर तिच्याजवळ बसून नांवें विचारावीं व तीं मागील बाजूस पेन्सिलीनें, हलक्या हातानें लिहावीं. मोडी शाळांतून गेल्यास बरीच वर्षें झालीं. तेव्हां कागद वाचतां येत नाहीं एवढ्यावरून तो निकामी ठरवूं नये. त्याची छायाप्रत मोडी जाणणाऱ्यास दाखवावी, मूळ कागद मात्र घरींच, कोरड्या पेटींत ठेवावा.