तालमींतून ओसरीवर

एकोणिसाव्या शतकांतील मराठी माणसाला शरीर कमवावयाचें असलें म्हणजे त्याला घराचा उंबरठा ओलांडावा लागे. घरांत देव होते, पोथ्या होत्या, उखळ आणि जातें होतें. पण व्यायामाची जागा घराबाहेर, एखाद्या बोळाच्या टोकाला असलेल्या तालमींत होती. तालमीचें दार ठेंगणें. वांकल्यावांचून आंत शिरतां येत नसे. कोनाड्यांत शेंदरी मारुति, जमिनींत ताक, तेल आणि हळद घालून मळलेली तांबडी माती, भिंतीशीं उभीं केलेलीं करेलें आणि मधोमध मल्लखांब. जोर काढावे, बैठका माराव्या, दांडपट्टा फिरवावा, आणि हें सारें उस्तादाच्या नजरेखालीं करावें, अशी ती रीत होती.

विद्या ग्रंथांत नव्हती. ती उस्तादाच्या मुखांत आणि हातांत होती. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबाला नवें आयुष्य दिलें, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. सप्तशृंगीच्या देवीनें त्यांना दृष्टांत दिला, ही आख्यायिकाहि तितकीच लोकप्रिय आहे. परंतु बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मल्लस्तंभाचा उल्लेख सांपडतो. तेव्हां दादांनीं ही विद्या निर्माण केली असें म्हणण्यापेक्षां बुजलेली विहीर उपसावी तशी ती उपसली, असें म्हणणें अधिक खरें. दादांकडून ती दामोदर गुरु मोघ्यांसारख्या शिष्यांकडे गेली, ती अशीच हातोहात. या हातोहात चालण्यांत एक मोठा गुण होता. शिष्याचा पाय कोठें चुकतो हें पाहणारा डोळा समोर असे. दोषहि तितकाच मोठा होता. ठेवणींतला डाव उस्ताद आवडत्या पठ्ठ्यालाच सांगे, आणि पुष्कळदां तो त्याच्याबरोबरच जाई. शिवाय कचेरींत दिवसभर मान मोडून लिहिणारा कारकून, पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आणि घरांतील यच्चयावत् स्त्रिया यांना त्या ठेंगण्या दारांतून कोण बोलावणार? स्त्रियांना दळण-कांडणाचे कष्ट होते. पण कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे.

घरांत शरीराला वळण देणारी गोष्ट अगदींच नव्हती असें मात्र नाहीं. सूर्याला घातलेले नमस्कार होते. परंतु ते घालणाऱ्याच्या मनांत दंड-छाती नसे. ती उपासना होती. दुखणें बरें व्हावें, नवस फिटावा, म्हणून नमस्कारांचा संकल्प सोडीत. समर्थ रामदास रोज बाराशें नमस्कार घालीत, असें परंपरा सांगते. आज जो तो सूर्यनमस्कारांना प्राचीन योगशास्त्रांत बसवूं पाहतो; त्यानें ‘हठयोगप्रदीपिके’वरील ‘ज्योत्स्ना’ टीका अवश्य पाहावी. एकोणिसाव्या शतकांतील हा टीकाकार ब्रह्मानंद, साधकानें कोणते कायक्लेश टाळावे हें सांगतांना फार भार उचलण्याच्या पंक्तीला फार सूर्यनमस्कारांना बसवितो! योग्याला जो क्लेश वाटला तोच पुढें गृहस्थाचा व्यायाम झाला. नमस्काराचें मूळ योग्याच्या गुहेंत शोधण्यापेक्षां तालमींतला जोर आणि देवघरांतील उपासना यांच्या संगमावर शोधावें, हें बरें.

हा संगम ज्या पुरुषानें जाणूनबुजून घडविला तो औंधचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि. त्यांचा जन्म १८६८ सालचा. बलवान पुरुष म्हणून साऱ्या जगांत गाजलेला युजेन सँडो त्यांच्याहून एकाच वर्षानें मोठा. १८९७ मध्यें भवानरावांनीं सँडोचीं पुस्तकें व साधनें आणविलीं आणि सुमारें दहा वर्षें त्या पद्धतीनें नेमानें मेहनत केली. छाती भरली, दंड फुगले. येथेंच ते थांबते तर हौसेनें विलायती डंबेल्स मागविणाऱ्या अनेक सरदारपुत्रांपैकीं एक एवढीच त्यांची ओळख राहती. परंतु १९०८ च्या सुमारास मिरजेचे अधिपति बाळासाहेब यांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. त्या वेळीं त्यांचें वय चाळीस होतें आणि औंधची गादी त्यांना मिळावयाची होती. ती १९०९ मध्यें मिळाली.

सँडो त्यांनीं सोडला खरा, परंतु सँडोपासून घेतलेली शिस्त सोडली नाहीं. पंतप्रतिनिधींच्या कामाचें खरें मर्म येथें आहे. नमस्कार जुना, मंत्र जुने. नवें होतें तें मोजमाप. एका नमस्काराच्या त्यांनीं दहा अवस्था ठरविल्या. प्रत्येक अवस्थेंत हात कोठें, गुडघा कोठें, हनुवटी कोठें, श्वास केव्हां घ्यावा आणि केव्हां सोडावा, हें सांगितलें. एकवार टेकलेले तळहात नमस्कार पुरा होईपर्यंत जागचे हलवूं नयेत, असा दंडक घातला. आरंभ थोड्यानें करून संख्या हळूहळू वाढवावी, पण नागा म्हणून करूं नये. साधन कांहीं नको. माणूस पालथा पडेल एवढी जागा असली म्हणजे झालें. ओसरी पुरे, माजघर पुरे. तालमींत दहा जण पाहतात म्हणून लाजणारा लठ्ठ गृहस्थ आपल्या घरीं दार लोटून, कोणाच्या नकळत, पहिले पांच नमस्कार घालूं शकला. या एकांताचें मोल लहान नव्हतें.

राजेसाहेब स्वतः नमस्कार घालीत, राणीसाहेब घालीत, मुलें घालीत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत त्यांनीं या विषयावर मराठींत व इंग्रजींत पुस्तकें काढलीं, छायाचित्रें छापलीं, चित्रपटहि काढविला. राजघराण्यांतील स्त्रीनें व्यायाम करावा आणि तो छापील पुस्तकांतून चारचौघांना दिसावा, ही त्या काळीं लहानसहान गोष्ट नव्हती. १९१८ पासून औंधांत राहणाऱ्या पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांनींहि या प्रचाराला लेखणीचें बळ दिलें. नमस्कारांनीं अमुक रोग जातो, तमुक व्याधि बरी होते, असे जे दावे या साहित्यांत ठायीं ठायीं आढळतात, ते मात्र भक्ताच्या भाषेंतले समजून सावधपणें वाचावे.

मुखांतली विद्या कागदावर येण्याचा हा काळच होता. १९१० मध्यें लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें. तोंवर सासूच्या हातची आमटी सुनेला येई ती सासूशेजारीं चुलीपुढें बसून. “अंदाजानें मीठ घाल,” हें त्या शाळेंतील सूत्र. आतां नवऱ्याच्या नोकरीपायीं परगांवीं एकटा संसार मांडणाऱ्या मुलीला तो अंदाज छापील मापांत मिळूं लागला. उस्ताद आणि सासू यांची तुलना कोणाला थट्टेची वाटेल. पण दोघांच्या अधिकाराला धक्का दिला तो छापखान्यानेंच. आहाराचीहि गोष्ट तशीच. तालमीच्या मेहनतीला खुराक हवा. दूध, तूप, बदाम, थंडाई हें सगळें आलें, आणि तें कोणातरी आश्रयदात्याच्या पैशानें आलें. ओसरीवरच्या पंचवीस-पन्नास नमस्कारांना घरची भाकरी, मोडाची उसळ आणि वाटीभर ताक पुरत असे. गरीब घराला हा व्यायाम परवडला, याचें अर्धें कारण त्याच्या स्वयंपाकघरांत आहे.

१९३६ मध्यें राजेसाहेब इंग्लंडला गेले. साठी उलटून आठ वर्षें झालेल्या या संस्थानिकाची ताठ अंगलट पाहून लंडनच्या ‘न्यूज क्रॉनिकल’ पत्राच्या लुईझ मॉर्गन या लेखिकेनें नमस्कारांविषयीं लिहिलें, आणि १९३८ मध्यें तिनेंच संपादिलेलें ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हें पुस्तक निघालें. दहा कलमी आरोग्यमार्ग, म्हणजे त्याच दहा अवस्था! इकडे बंगळूरास के. व्ही. अय्यर हे व्यायामपटु शरीरसौष्ठवाच्या जोडीला नमस्कार शिकवीत होते. म्हैसूरच्या राजवाड्यांत तर कृष्णम्माचार्यांचा योगवर्ग एकीकडे आणि सूर्यनमस्कारांचा वर्ग दुसरीकडे, असे दोन निरनिराळे वर्ग चालत. पुढें ह्या दोहोंमधली भिंत पडली, आणि जगभर जो योग पसरला त्याच्या आरंभालाच नमस्कार जाऊन बसला.

या वृत्तांतांत एक गांठ आहे. औंधच्या शाळांतून राजेसाहेबांनीं नमस्कार सक्तीचे केले होते. जो व्यायाम माणसानें आपल्या मर्जीनें, आपल्या घरीं, आपल्यापुरता करावा म्हणून त्यांनीं इतका खटाटोप केला, तोच त्यांनीं मुलांकडून हुकुमानें करविला. हुकुमानें घातलेला नमस्कार मूल शाळा सुटतांच विसरतें, हें कोणाहि शिक्षकाला ठाऊक असतें. नवल हें कीं, याच राजानें राज्यकारभाराच्या बाबतींत उलट दिशा धरली. महात्मा गांधी आणि मॉरिस फ्रिडमन यांच्या सल्ल्यानें १९३९ मध्यें त्यांनीं आपली सत्ता प्रजेच्या हातीं दिली, आणि औंध, कुंडल, आटपाडी व गुणदाळ अशा विखुरलेल्या तालुक्यांतील गांवपंचायतींवर ती राज्यघटना उभी केली. प्रजेच्या कारभारावर त्यांनीं जो विश्वास टाकला तो प्रजेच्या मुलांच्या पाठकण्यावर टाकावयास ते धजले नाहींत, असें म्हणावें लागतें.

तालमी मात्र ओस पडल्या नाहींत. शाहू महाराजांनीं १९१२ मध्यें कोल्हापुरास बांधलेलें खासबाग मैदान पुढेंहि गर्जत राहिलें. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं १९५२ मध्यें हेलसिंकीहून कुस्तीचें कांस्यपदक आणलें, तें ओसरीवरच्या व्यायामानें नव्हे, मातींत उस्तादाच्या हाताखालीं घडून. उस्तादाची विद्याहि अखेर कागदावर आलीच. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनीं १९३६ ते १९४९ या काळांत व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड पुरे केले. त्यांत काठी, कुस्ती, मल्लखांब सारें आहे. चुकणारा पाय पाहणारा डोळा तेवढा खंडांत बांधतां आला नाहीं, आणि घरीं एकट्यानें नमस्कार घालून कंबर धरून बसलेल्या माणसाला त्याची आठवण होते.

औंध संस्थान १९४८ मध्यें मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि १९५१ मध्यें राजेसाहेब वारले. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत यांनीं परदेशांत भारताचे वकील म्हणून काम करतांना नमस्कार सोडले नाहींत. १९७० मध्यें त्यांनीं त्यावर इंग्रजींत पुस्तकहि लिहिलें. आज बहुतेक ठिकाणीं एका नमस्काराच्या बारा अवस्था शिकवितात. राजेसाहेबांच्या दहांत ह्या दोन कोठून आल्या, असें शिकविणाराला विचारावें, तर तो बारा आदित्यांचीं नांवें सांगतो.