घसरता पट्टा

गिअर झपाट्यानें बदलतांना मोटारीचा क्लच घसरला, तर एंजिन गर्जतें. पण चाकांना वेग चढत नाहीं. परळच्या जुन्या कापडगिरण्यांना ही व्यथा ठाऊक होती. तेथें वाफेच्या एंजिनाची शक्ति शाफ्टावरून चामडी पट्ट्यानें मागापर्यंत येई. विणकरानें दांडा ओढला कीं पट्टा सैल पुलीवरून घट्ट पुलीवर सरके. हाच मागाचा क्लच. पट्टा सैलावला किंवा त्यावर तेल उडालें, कीं तो घसरे. एंजिन पूर्ववत् चाले, कापड मात्र कमी निघे. आणि विणकराची मजुरी तर कापडावर! १९१५ सालीं खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत आली; तरी मागांवरचे पट्टे पुष्कळ ठिकाणीं राहिलेच. शक्ति वाफेची असो वा विजेची, घसरल्या पट्ट्याची किंमत विणकराच्याच मजुरींतून वळती होई.