सातारा-सांगलीतील संगणकीय पाठ आणि ते बांधणारी साधने

संगणकावर पाठ बांधायचा तर कोणते साधन घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर सातारा आणि सांगली जिल्ह्यांत गेल्या पाव शतकात पुन्हा पुन्हा बदलले. दर वेळी बदलाचे कारण होते विद्यार्थ्यासमोरचा पडदा. आधी तो संगणक केंद्रातला जाडजूड मॉनिटर होता, मग शाळेतल्या भिंतीवरचा प्रोजेक्टर, आणि शेवटी घरातला एकुलता एक मोबाइल. जोडीला मराठी लिपीची अडचण होती. साधनांच्या जाहिरातींत तिचा उल्लेख क्वचितच येतो, पण या भागातल्या पाठांचे भवितव्य तिनेच ठरवले.

शिक्षणसंस्थांची येथे वाण नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे स्थापलेली रयत शिक्षण संस्था १९२४ मध्ये साताऱ्यात आली. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले आणि १९५५ पासून ते वालचंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे, तर दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांना सामावून घेणारे शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. तरीही शिक्षकाने स्वतः संगणकावर पाठ तयार करावा, ही कल्पना इथे रुजायला विसावे शतक संपावे लागले. १९८४ च्या ‘क्लास’ प्रकल्पातून देशातील अडीचशेच्या आसपास शाळांत बीबीसी मायक्रो संगणक गेले होते. त्यावरचे कार्यक्रम मात्र तयार स्वरूपातच येत. शिक्षकाने ते फक्त चालवायचे.

सर्वसामान्य घरांना पडद्यावरचा पाठ पहिल्यांदा दिसला तो एमएस-सीआयटीमुळे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या या अभ्यासक्रमाची केंद्रे कराड, फलटण, मिरज, तासगाव, विटा अशा तालुक्याच्या आणि बाजारपेठेच्या गावांत निघाली. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागते म्हणून आलेली मुले-मुली माउस धरून स्वतःच्या गतीने मराठीत शिकू लागली. हे पाठ बांधणाऱ्यांची एक मोठी सोय होती: पडदा ठरलेला होता. रुंदी ८०० किंवा १०२४ ठिपके, उंची ६०० किंवा ७६८. चौकटीत चित्र कुठे, मजकूर कुठे, ‘पुढे’चे बटण कुठे, हे एकदा आखले की प्रत्येक केंद्रात ते तसेच दिसे.

मराठी पाठ घडवण्याची त्या काळची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. मजकूर टाइप होई तो श्री-लिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएममधल्या फॉन्टमध्ये. या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी ‘क’ हा ‘क’ नसे. रोमन अक्षराच्या किंवा एखाद्या चिन्हाच्या जागी ‘क’चे चित्र बसवलेले असे. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही, तिथे अख्ख्या परिच्छेदाच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरांची रांग उमटे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण त्या वेळचे लोकप्रिय साधन फ्लॅश याला जोडाक्षरे जुळवता येत नसत आणि ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसे. फ्लॅशची ही उणीव दूर होऊ लागली ती २००८ च्या दहाव्या आवृत्तीपासून. तोवर पाठ करणाऱ्यांनी सोपी वाट काढली होती. मजकुराच्या बाह्यरेषा करायच्या किंवा त्याचे सरळ चित्र बनवायचे. पाठ सुंदर दिसे, कुठेही तुटत नसे. पण त्यातला मजकूर आता मजकूर राहिलेला नसे. तो शोधता येत नव्हता, दुरुस्त करता येत नव्हता, आणि पुढे जे सर्वांत महाग पडले ते म्हणजे अरुंद पडद्यावर त्याची ओळ मोडून खाली येऊ शकत नव्हती.

बाहेरच्या जगात वारे २०१० मध्ये फिरले. त्या वर्षी मे महिन्यात ईथन मार्कोट यांनी एका लेखात ‘रिस्पॉन्सिव्ह’ रचनेची मांडणी केली: प्रत्येक यंत्रासाठी वेगळे पान न करता पानाने स्वतःच पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपली मांडणी बदलावी. ॲपलने आयफोनवर फ्लॅशला थारा दिलाच नव्हता. नोव्हेंबर २०११ मध्ये ॲडोबीने मोबाइलवरच्या फ्लॅशचा विकास थांबवला आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार पूर्णपणे काढून घेतला. ज्या पाठांवर शिक्षकांनी आणि चित्रकारांनी महिनोन्‌महिने खर्ची घातले, ते सीडीवर शाबूत असूनही नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. मराठी शैक्षणिक साहित्याचे हे नुकसान मोठे आहे आणि त्याची दखल फारशी कोणी घेतलेली नाही.

सातारा-सांगलीत मात्र मधल्या काळात लक्ष दुसरीकडे होते. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्हा परिषदेच्या शाळा ‘डिजिटल’ करण्यासाठी गावोगावी लोकवर्गणी जमू लागली. प्रोजेक्टर आले, मोठे टीव्ही आले. त्याच सुमारास कोरेगाव तालुक्यातील कुमठे बीटच्या, म्हणजे एका शाळा-गटाच्या, शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक येत होते. या शाळांची कीर्ती यंत्रांमुळे झालेली नव्हती. फरशीवर रंगवलेल्या आखण्या, खडे, काड्या, शब्दपट्ट्या अशा स्वस्त साहित्यातून मुले आपापल्या गतीने शिकत. साधन मुलाच्या हाताला लागले पाहिजे, हा कुमठ्याचा धडा डिजिटल पाठ करणाऱ्यांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवा होता. प्रोजेक्टरवरचा पाठ वर्गाने पाहायचा असे, मुलाने हाताळायचा नसे. त्यामुळे पॉवरपॉइंट आणि व्हिडिओ यांवरच काम भागले आणि रिस्पॉन्सिव्ह रचनेची गरज कुणाला जाणवली नाही.

जाणीव झाली ती मोबाइलमुळे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. पुढच्या वर्षी दीक्षा हे व्यासपीठ सुरू झाले, त्यानंतर बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले. मार्च २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये बंद झाली, तेव्हा या दोन जिल्ह्यांतली विषमता उघडी पडली. सांगली-मिरजेच्या शहरी घरात लॅपटॉप असे. जत-आटपाडीच्या वाडीवर किंवा कोयना खोऱ्यात फोन असलाच तर तो दिवसभर वडिलांच्या खिशात शेतावर, आणि रेंज मिळवण्यासाठी माळावर जावे लागे. शिक्षकांनी व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवल्या. ए-फोर आकाराचे पान पाच इंची पडद्यावर वाचायला मूल एकेक ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत बसे. ज्यांच्याकडे फोनच नव्हता, त्यांच्यासाठी जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली.

महाविद्यालयांनी या काळात मूडल आणि गुगल क्लासरूम या ऑनलाइन वर्ग चालवण्याच्या प्रणालींचा आधार घेतला. मार्टिन डुजियामास यांचे मूडल २००२ पासून मुक्तस्रोत आहे. आयआयटी मुंबईच्या अध्यापक-प्रशिक्षणांतून त्याचा परिचय अभियांत्रिकीच्या अनेक शिक्षकांना आधीच झालेला होता. नोव्हेंबर २०१९ च्या मूडल ३.८ मध्ये नॉर्वेत जन्मलेले एचफाइव्हपी हे संवादी पाठ बांधण्याचे साधन आतच बसवले गेले. टाळेबंदीच्या जेमतेम चार महिने आधी आलेली ही सोय मराठी पाठांसाठी मोलाची होती. त्यात मजकूर ब्राउझर रचतो, म्हणून युनिकोड मराठी जशीच्या तशी उमटते. ओळी पडद्याप्रमाणे मोडतात. मूडलच्या ॲपमध्ये पाठ उतरवून घेतला की रेंजशिवाय सोडवता येतो.

बाजारात इतर साधनेही होती आणि आहेत. आर्टिक्युलेट स्टोरीलाइनमध्ये स्लाइडवर हवी ती गुंतागुंतीची कृती रचता येते, पण मोबाइलवर ती स्लाइड आहे तशीच लहान होते. त्याच कंपनीचे २०१६ चे राइज ठोकळ्यांनी पाठ रचते आणि ते ठोकळे अरुंद पडद्यावर एकाखाली एक येतात. ॲडोबी कॅप्टिव्हेटने २०१४ मध्ये वेगवेगळ्या रुंदीसाठी वेगळी मांडणी आणि २०१७ मध्ये आपोआप सरकणारे कप्पे दिले. आयस्प्रिंग पॉवरपॉइंटवरच चालते, त्यामुळे शिक्षकाला नवे काही शिकावे लागत नाही. अडॅप्ट आणि एक्सईलर्निंग मुक्तस्रोत आहेत. सशुल्क साधनांपैकी आर्टिक्युलेटसारख्या संचाची एका माणसाची वार्षिक वर्गणी लाख रुपयांच्या घरात जाते. अनुदानित महाविद्यालयाला ती परवडणे अवघड आहे. शिवाय वर्गणी थांबली की मूळ फाइल दुरुस्त करण्याचा मार्गही बंद होतो.

वैशिष्ट्यांच्या याद्यांत सापडत नाहीत अशा काही बाबी मराठी पाठ करताना कळतात. ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’ यासारखा प्रत्ययांनी लांबलेला शब्द इंग्रजी मापाने आखलेल्या बटणात मावत नाही. ओळींमधले अंतर कमी असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. ठिबक सिंचनाच्या पाठातला पाच रकान्यांचा तक्ता मोबाइलवर अर्धा दिसत नाही. तो तोडून प्रत्येक पिकाचे वेगळे कार्ड करावे लागते. हे सारे पाठ छापील प्रतीसारखा तपासून कळत नाही. स्वस्तातल्या एका जुन्या फोनवर तो उघडून पाहणे, हीच खरी कसोटी.

पडद्याच्या वेळेलाही आता मर्यादा पडू लागल्या आहेत. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसू लागली. अशा गावासाठी बांधलेला पाठ छापूनही देता आला पाहिजे.

जुन्या सीडींची जी गत झाली ती नव्या पाठांची होऊ नये, यासाठी साधन निवडताना तीन गोष्टी पाहिल्या जातात: पाठ एचटीएमएलमध्ये बाहेर काढता येतो का, तो स्कॉर्म या सामायिक मानकाच्या झिप स्वरूपात दुसऱ्या प्रणालीत चालतो का, आणि मूळ फाइल संस्थेकडे राहते की पाठ करणाऱ्या एकट्या शिक्षकाच्या खात्यात. बदली किंवा निवृत्तीनंतर त्या खात्याचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो, म्हणून मूळ फाइल, मजकुराची युनिकोड प्रत आणि चित्रांच्या परवान्याची नोंद ग्रंथालयात जमा करणे हा त्यावरचा साधा आणि बिनखर्चाचा उपाय आहे.