सापडलं, पण नोंदवलं का?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी रोह्याला उतरून धाटावच्या बाजूला गेले होते. धाटाव म्हटलं की बहुतेकांना एमआयडीसी आणि केमिकलचे कारखाने आठवतात. मला मात्र त्या भागातल्या वीरगळांची यादी करायची होती. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभा केलेला कोरीव दगड. एका वाडीबाहेर, आंब्याखाली असा एक दगड दिसला. तिथल्या आजी म्हणाल्या, "अगं, तो आमचा राखणदार." मी मोबाइलवर दोन फोटो काढले आणि एसटी चुकेल म्हणून पळाले. नोंद काय, घरी गेल्यावर करू!

दोन वर्षांनी प्रकरण लिहायला बसले. फोटो होते, पण वाडी कुठली ते आठवेना. वही कोरी. मधे फोन बदलला होता, त्यात फोटोंचं लोकेशनही गेलं. परत गेले, तीन वाड्या फिरले. एके ठिकाणी रस्ता रुंद झाला होता आणि आंबा नव्हता. दगड तिथलाच होता का, हे मी आजही सांगू शकत नाही. तो माझ्या प्रबंधात नाही.

म्हणून आज तुमच्याशी नोंदीबद्दल बोलायचंय. सुरुवात एका खेळापासून करू. २ मे २००० रोजी अमेरिकेने सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये डेव्ह उल्मर यांनी रानात एक बादली लपवली. तिच्यात काही वस्तू आणि एक वही ठेवली आणि जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. काही दिवसांतच ती लोकांना सापडली. यालाच पुढे जिओकॅशिंग म्हणू लागले.

या खेळात डबा सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं असतं. शिवाय घरी येऊन ऑनलाइन नोंद करायची असते. वहीत लिहिलं असताना पुन्हा ऑनलाइन कशाला? कारण डब्यातली वही फक्त डबा सापडलेल्यालाच वाचता येते. ऑनलाइन नोंद बाकी सगळ्यांसाठी असते. डबा भिजलाय, वही भरलीय, वाट बंद झालीय, हे लपवणाऱ्याला तिथूनच कळतं. 'सापडला नाही' अशीही नोंद करतात. तशा तीन-चार नोंदी लागोपाठ आल्या की मालक जाऊन बघतो.

आता आपल्या इतिहासाकडे या. २८ एप्रिल १८१९. शिकारीला निघालेला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या लेण्यांत पोहोचला. दहाव्या लेण्यात त्याने आपलं नाव आणि तारीख कोरली, तीही चित्रावरच. आसपासच्या लोकांना लेणी ठाऊक होतीच, त्यामुळे 'शोध' हा शब्द इथे जपूनच वापरा. पण स्मिथच्या त्या ओरखड्याचा उपयोग कोणाला? जो आधीच लेण्यात उभा आहे त्याला. ती डब्यातली वही झाली, आणि तिच्यापायी चित्र खराब झालं ते वेगळंच. १८४३ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी भारतातल्या लेण्यांवर रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला. त्यानंतर १८४४ मध्ये कंपनी सरकारने अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला रॉबर्ट गिल यांना नेमलं. लंडनमध्ये बसलेल्या माणसाला वाचता येईल अशी नोंद झाली, तेव्हा काम हललं.

दुसरं उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीचं. १९०६ मध्ये तिथे तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली. नाणी क्षत्रप नहपानाची, पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासली आणि त्यांवर निबंध लिहिला. हीच नाणी सुटी-सुटी सराफाकडे गेली असती तर? चांदी वितळली असती, किंवा संग्राहकाच्या कपाटात एखादं कुतूहलाचं नाणं उरलं असतं. एका जागी, एवढी नाणी, त्यांतली इतकी ठशाची आणि इतकी बिनठशाची, हे लिहिलं गेलं म्हणून गौतमीपुत्राने नहपानाची सत्ता मोडली याला भक्कम पुरावा मिळाला. पुरावा नाण्यात असतो तितकाच तो जागेत आणि संख्येत असतो, हे लक्षात ठेवा.

कायद्यालाही हे कळलं होतं. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा जमिनीत सापडला तर कलेक्टरला लेखी कळवायचं. काय कळवायचं? काय सापडलं आणि अंदाजे किती किमतीचं, कुठे सापडलं, कोणत्या तारखेला सापडलं. तुमच्या वहीतले पहिले तीन रकाने हेच.

चांगली नोंद कशी असते ते रोह्याजवळच्या अवचितगडावर बघा. तिथल्या बुरुजावरच्या लेखात काळ तीन प्रकारे दिलाय: शके १७१८, नल संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा. शकात ७८ मिळवा, १७९६ येतं. संवत्सर त्याच्याशी जुळतं का तेही तपासता येतं. एक अंक झिजला तरी बाकीचे दोन तपशील आधाराला आहेत.

तेव्हा फील्डवर जाताना एवढं करा. नोंद त्याच दिवशी, जागेवरच करा. गाव, वाडी, अक्षांश-रेखांश, दगडाचं तोंड कोणत्या दिशेला, उंची-रुंदी, आज तो कोणत्या अवस्थेत आहे आणि माहिती कोणी दिली, हे सगळं लिहा. स्थानिक लोक त्याला काय म्हणतात तेही लिहा. 'राखणदार' हा शब्दही पुरावाच आहे. फोटोत मोजपट्टी ठेवा. एक प्रत ऑनलाइन ठेवा आणि ती तुमच्या गाइडला किंवा सोबत्याला उघडता आली पाहिजे.

एक सावधगिरी मात्र हवी. जिओकॅशिंगमध्ये जागा जाहीर करणं हाच खेळ आहे. आपल्याकडे मूर्ती चोरीला जातात. उचलून नेता येईल अशा वस्तूची नेमकी जागा फेसबुकवर टाकू नका. ती राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा, आणि लेख लिहून अभ्यासकांपुढे ठेवा.

माझ्या यादीत आता त्या दगडापुढे लिहिलंय: 'सापडला नाही.' खाली तारीख, फिरलेल्या तीन वाड्यांची नावं आणि ते दोन फोटो. उद्या तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला गेलं, तर निदान चौथ्या वाडीपासून सुरुवात करता येईल.