दुरून मोबाइल हाताळणे : जोडणीच्या सेटिंग्ज आणि घ्यावयाची खबरदारी

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत आई-वडील इंदूरला आणि मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात, अशी परिस्थिती आहे. मोबाइलची अक्षरे अचानक बारीक होतात, व्हॉट्सॲपचा आवाज जातो, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचे ॲप चालत नाही. मग "बाबा, वर उजवीकडे तीन टिंबं दिसतात का?" असा संवाद अर्धा-पाऊण तास चालतो आणि शेवटी दोन्हीकडची माणसे वैतागतात.

अशा वेळी मुलाने तिकडे बसून आपल्या मोबाइलचा स्क्रीन पाहावा आणि स्वतःच दुरुस्ती करावी, अशी सोय उपलब्ध आहे. नेमकी हीच सोय वापरून भामटे ज्येष्ठांची खाती रिकामी करतात. दोघेही ॲप तेच वापरतात. फरक पडतो तो दोन गोष्टींनी : जोडणीच्या सेटिंग्ज कशा ठेवल्या आहेत आणि पहिला फोन कोणी कोणाला केला. म्हणून ही माहिती क्रमाने देत आहे.

१. आधी ठरवा : फक्त दाखवायचे की हाताळू द्यायचे?

दहातली आठ कामे नुसता स्क्रीन दाखवून होतात. ऑगस्ट २०२३ पासून व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये स्क्रीन दाखवण्याची सोय आहे. व्हिडिओ कॉल चालू असताना स्क्रीन शेअरचे बटण दाबायचे, फोन विचारेल त्याला होकार द्यायचा. समोरच्याला आपला स्क्रीन दिसतो, पण त्याला कुठलेही बटण दाबता येत नाही. तो सांगतो, आपण दाबतो. वेगळे ॲप घ्यावे लागत नाही आणि कॉल ठेवला की सगळे बंद होते. माझ्या मते घरातल्या घरात आधी हाच मार्ग वापरावा.

आयफोनवर बाहेरच्या कंपन्यांच्या ॲपला फोन हाताळता येत नाही, फक्त पाहता येतो. आयओएस १८ पासून फेसटाइम कॉलमध्ये स्क्रीन दाखवत असताना समोरची व्यक्ती ताबा मागू शकते, पण आपण होकार दिला तरच तो मिळतो.

२. हाताळू द्यायचेच असेल तर

ॲन्ड्रॉइडसाठी सर्वपरिचित ॲप्स दोन : टीमव्ह्यूअर क्विकसपोर्ट आणि एनीडेस्क. ॲप फक्त प्ले स्टोअरमधून घ्यावे. व्हॉट्सॲपवर किंवा एसएमएसमध्ये आलेल्या लिंकवरून कधीही घेऊ नये, मग पाठवणारा कोणीही असो.

जोडणीचा क्रम असा :

(अ) आधी आपण मुलाला, त्याच्या नेहमीच्या नंबरवर, फोन लावावा. आलेल्या फोनवर विसंबून जोडणी सुरू करू नये.

(आ) ॲप उघडल्यावर एक लांब क्रमांक दिसतो. हा त्या मोबाइलचा पत्ता समजा. तो मुलाला सांगावा.

(इ) मुलाने तिकडून क्रमांक टाकला की आपल्या स्क्रीनवर विचारणा येते. समोरचे नाव वा क्रमांक वाचून मगच होकार द्यावा.

(ई) त्यानंतर फोन स्वतः विचारतो की स्क्रीनवरचे सगळे दाखवायचे का. ॲन्ड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांत "एकच ॲप" आणि "संपूर्ण स्क्रीन" असे दोन पर्याय येतात. काम एकाच ॲपचे असेल तर तेवढेच निवडावे.

(उ) इथपर्यंत मुलाला फक्त दिसते. त्याला बटणे दाबता यावीत म्हणून बहुतेक फोनवर एक जोड-ॲप घ्यावे लागते आणि "ॲक्सेसिबिलिटी" ही परवानगी द्यावी लागते.

या शेवटच्या परवानगीपाशी थांबून विचार करावा. ज्यांना कमी दिसते किंवा ज्यांचा हात चालत नाही, त्यांच्यासाठी ही सोय निर्माण झाली. ज्या ॲपला ती मिळते ते स्क्रीनवरचा मजकूर वाचू शकते आणि आपल्या वतीने बटणे दाबू शकते. प्ले स्टोअरबाहेरून घेतलेल्या ॲपला ॲन्ड्रॉइड १३ पासून फोन ही परवानगी सहजासहजी देत नाही. "हे सेटिंग प्रतिबंधित आहे" अशा अर्थाची सूचना येते. ती कशी ओलांडायची हे कोणी फोनवर समजावू लागला, तर त्याच क्षणी फोन ठेवावा.

३. कायमच्या प्रवेशाचे सेटिंग

या ॲप्समध्ये "अनअटेंडेड ॲक्सेस" नावाची सोय असते. पासवर्ड एकदा ठरवून दिला की पुढे आपल्याला न विचारता समोरचा फोनमध्ये शिरू शकतो. प्रत्येक वेळी होकार देण्याचा त्रास वाचतो म्हणून मुले प्रेमानेच ही सोय चालू करून ठेवतात.

बँकेच्या लॉकरचे उदाहरण घ्या. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक ग्राहकाची. "येण्याजाण्याचा त्रास नको, माझी किल्ली तुमच्याकडेच असू द्या" असे काही ग्राहक म्हणत. माणूस कितीही विश्वासाचा असला तरी आम्ही ती कधी ठेवून घेत नसू. पद्धत पाळली की दोन्ही बाजू सुरक्षित राहतात. कायमचा पासवर्ड देणे म्हणजे आपली किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवणे होय. त्यातून मुलाचा लॅपटॉप हरवला किंवा तिथला पासवर्ड फुटला, तर दार आपल्याही घराचे उघडते.

म्हणून सेटिंग्ज अशा ठेवाव्यात :

• अनअटेंडेड ॲक्सेस : बंद.
• येणारी जोडणी : ॲप उघडे असेल तेव्हाच, आणि दर वेळी विचारून.
• ठरावीक क्रमांकांनाच परवानगी देण्याची यादी ॲपमध्ये असेल तर तीत फक्त मुलाचा क्रमांक.
• फाइलींची देवाणघेवाण आणि क्लिपबोर्ड : गरज नसेल तर बंद.

आवृत्ती बदलली की या सेटिंग्जची नावे थोडी इकडेतिकडे होतात, पण बहुधा "सिक्युरिटी" किंवा "परमिशन" या शीर्षकाखालीच ती सापडतात.

४. काम संपल्यावर

जोडणी आपण स्वतः तोडावी, समोरच्यावर सोडू नये. त्यानंतर फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ॲक्सेसिबिलिटीची परवानगी काढावी. वर्षाकाठी दोन-तीनदाच काम पडत असेल तर ॲप आणि त्याचे जोड-ॲप दोन्ही काढून टाकावीत. पुन्हा घ्यायला पाच मिनिटे लागतात.

५. बँकेचे काम आणि जोडणी एकत्र नको

फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचा वापर करून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते. पद्धत अजून तीच आहे. "केवायसी संपली", "आज रात्री वीज कापली जाईल", "रिफंड अडकला आहे" असे सांगत, बहुधा हिंदीत आणि फार अदबीने, फोन येतो. कधी आपणच इंटरनेटवर ग्राहकसेवेचा नंबर शोधतो आणि तो खोटा निघतो. मग ॲप घ्यायला लावतात, क्रमांक विचारतात, आणि पडताळणीसाठी म्हणून दहा रुपये भरायला सांगतात. ते भरताना आपण दाबलेला प्रत्येक आकडा तिकडे दिसत असतो.

"मी ओटीपी कोणालाच सांगितला नाही" असे फसवणूक झालेले लोक सांगतात आणि ते खरे असते. स्क्रीन दिसत असेल तर ओटीपी सांगावाच लागत नाही, आलेला संदेश समोरचा स्वतः वाचतो. ॲन्ड्रॉइड १५ मध्ये स्क्रीन दाखवताना ओटीपीच्या सूचना झाकण्याची व्यवस्था आहे. पुष्कळ बँकांची ॲप्सही अशा वेळी समोरच्याला काळा स्क्रीन दाखवतात किंवा उघडतच नाहीत. हा बिघाड नाही, संरक्षण आहे. तरीही सगळ्यांच्या फोनवर ते असतेच असे धरून चालू नये. जोडणी चालू असताना बँकेचे ॲप, यूपीआय आणि एसएमएस उघडायचे नाहीत, समोर आपला मुलगा असला तरी.

आणि हे पक्के लक्षात ठेवा : कोणतीही बँक, वीज कंपनी किंवा पेन्शन कार्यालय खातेदाराला फोन करून असले ॲप घ्यायला सांगत नाही.

६. काही चुकल्याचे लक्षात आले तर

१) तत्काळ मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका आणि वाय-फाय बंद असल्याची खात्री करा. जोडणी तिथेच तुटते.
२) घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते, कार्ड आणि यूपीआय थांबवा. नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.
३) १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी अडवता येतात, म्हणून इथे मिनिटांना किंमत आहे.
४) आलेल्या फोनचा नंबर, वेळ आणि ॲपचे नाव कागदावर टिपा. मगच ॲप काढा. निघत नसेल तर आधी त्याची ॲक्सेसिबिलिटीची परवानगी काढा.
५) पासवर्ड आणि पिन दुसऱ्या फोनवरून बदला.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने जबाबदारीचे तत्त्व स्पष्ट केले आहे. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे संकोचाने दडवून ठेवलेला प्रत्येक तास आपल्याच खर्चाने जातो. मुले रागावतील म्हणून दोन दिवस गप्प बसणारे ज्येष्ठ असतात. मुलांनी आजच घरी सांगून ठेवावे, की असे काही झाले तर आधी आम्हाला सांगा, आम्ही बोलणार नाही.

७. मुलांसाठी दोन शब्द

आई-वडिलांचा मोबाइल त्यांचा आहे. त्यात त्यांचे निरोप आहेत, फोटो आहेत, मित्रमैत्रिणींशी झालेल्या गप्पा आहेत. आत शिरण्याआधी दर वेळी विचारावे आणि काय बदलले ते सांगावे. घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा, कारण आवाजाची नक्कलही आता करता येते. आणि शक्य तेव्हा त्यांनाच दाबू द्यावे. एकदा हाताने केलेले पुढच्या वेळी विचारावे लागत नाही.

कलम ३ आणि ६ यांची प्रत काढून टेलिफोनच्या डायरीत ठेवावी, ही सर्व सभासदांना विनंती.