संगमेश्वरच्या कथेतील मद्य

ऐतिहासिक गावातून वाटाड्यासोबत पायी फिरावे आणि अखेरीस मद्याचा आस्वाद घ्यावा, ही पर्यटनाची रीत आता आपल्याकडेही परिचयाची झाली आहे. कसबा संगमेश्वरात अशी फेरी काढायची तर मद्य वेगळे आणायला नको. ते तेथील कथेतच आहे. शास्त्री-अलकनंदेचा संगम, कर्णेश्वराचे कोरीव दगडी देऊळ, सरदेसायांचा वाडा असे फिरत गेले की फेब्रुवारी १६८९ येतोच. संभाजीराजे व कवी कलश येथे मुकर्रबखानाच्या हाती लागले. ते मद्यधुंद होते म्हणून लागले, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले.

हे मद्य ओतले कोणी? मोगलांच्या पदरच्या खाफीखानाने, घटनेनंतर काही दशकांनी. शत्रू आल्याची वर्दी देणाऱ्यांच्या जिभा छाटण्याचा हुकूम राजाने सोडला, असे तो रंगवून सांगतो. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्हार रामराव चिटणीसांची बखर आली. त्यांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजीराजांनी १६८१ मध्ये देहान्त शासन दिले होते. बखर वाचताना हे विसरता येत नाही.

याउलट जेधे शकावलीतली नोंद अगदी कोरडी आहे. शिर्क्यांशी बखेडा झाला, राजे खेळण्यास म्हणजे विशाळगडास गेले, रायगडाकडे परतताना संगमेश्वरी आले आणि शेख निजामाने, म्हणजे मुकर्रबखानाने, दौड करून दोघांना जिवंत धरले. मद्याचा उल्लेख नाही. अनुल्लेख म्हणजे पुरावा नव्हे, हे खरे; परंतु घरातली फूट आणि शत्रूची वेगवान चाल एवढ्यानेच घटनेचा उलगडा होत असेल तर प्याल्याची गरज उरत नाही. राजे मद्य घेत की नाही, हा मुळी निराळाच प्रश्न आहे.

वा. सी. बेंद्रे यांचे साधार चरित्र १९६० साली प्रसिद्ध झाले, तोवर रंगभूमीने विलासी संभाजी स्वीकारला होता. गडकरी १९१९ मध्ये वारले, तेव्हा ‘राजसंन्यास’ अपुरेच होते. त्या अपुऱ्या नाटकापायी जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला त्यांचा पुतळा उखडून नदीत टाकण्यात आला. नाटककाराने हाताशी होती ती बखरींची परंपराच घेतली होती, आणि तिचा जाब मात्र एकट्या त्याला द्यावा लागला. वर्गात ‘राजसंन्यास’ शिकवताना शकावलीतली ती नोंद शेजारी ठेवावी. दोन्ही वाचायला फार तर एक तास जास्त लागेल.